बारका हात

माझ्या मुलाच्या उजव्या हाताचं नाव ‘बारका’. नाव त्यानेच ठेवलंय. डावा तो ‘मोठा’ आणि उजवा तो ‘बारका’, कारण खरंच बारका आहे तो. मनगट डाव्यापेक्षा बारीक, बोटंही किंचित आखूड. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला अगदी लहानपणी झालेल्या इजेमुळे हालचालींत येणारा अडथळा, उजव्या बाजूची. डॉक्टर हेमिप्लेजिया म्हणतात, थेरपीच्या बाकड्यावर बसणाऱ्या आया नुसतं ‘हेमी’ म्हणतात. मुलाचं नाव इथे लिहीत नाही. मोठा झाल्यावर कुणाला काय सांगायचं ते त्याचं त्याने ठरवावं.

मी शिवणकाम करते. कृष्णाकाठचं तालुक्याचं गाव, घराच्या पुढच्या खोलीत दोन मशिनी. मागच्या महिन्यात एक बाई ब्लाउजचं माप द्यायला आल्या, कडेवर आठ महिन्यांची नात. नातीची एक मूठ सारखी मिटलेली. टेप गुंडाळता गुंडाळता मी विचारलं, ‘ही खेळणं दोन्ही हातांनी घेते का हो?’ बाई गप्पच झाल्या. मग दोन तास बोलत बसलो, ब्लाउजचं माप राहिलं ते राहिलंच. त्यांना जे सांगितलं तेच जरा नीट लावून इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही. हा एका मुलाचा आणि एका हाताचा अनुभव आहे.

फेब्रुवारी २०१९ चा जन्म. दिवस पूर्ण भरलेले, बाळंतपण नॉर्मल. दुसऱ्या रात्री बाळाला झटके आले आणि नऊ दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. घरी सोडताना कार्डावर झटक्यांचं औषध आणि ‘फॉलोअप’ एवढंच होतं. फॉलोअप कशासाठी, घरी कशावर लक्ष ठेवायचं, कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. बाळ दूध ओढत होतं, मला तेवढं पुरे होतं.

सहाव्या महिन्यात तो खुळखुळा घ्यायचा तो डाव्याच हाताने. मुद्दाम उजवीकडे धरला तरी डावा हात पोटावरून ओलांडून यायचा. सासूबाई म्हणाल्या, ‘डावरा हाय त्यो, आज्यावर गेलाय.’ सासरे खरंच डावरे, त्यामुळे घरात कौतुकच झालं. ऑगस्टमध्ये तपासणीची तारीख होती आणि नेमका त्याच आठवड्यात कृष्णेला महापूर आला. गल्लीच्या तोंडापर्यंत पाणी. मशिनी माळ्यावर चढवल्या, बाळाला घेऊन माहेरी गेले. तारीख चुकली ती चुकलीच.

एक गोष्ट मला तेव्हा कुणी सांगायला हवी होती. वर्षाच्या आतलं मूल डावरं किंवा उजवं नसतंच, ते दोन्ही हातांनी ओरबाडतं. एवढ्या लहान वयात एकच हात पुढे येत असेल तर दुसऱ्या हाताकडे बघायला हवं. मूठ सारखी मिटलेली, अंगठा मुठीच्या आत, बाही घालताना कोपर ताठ लागणं, हे सगळं आमच्याकडे होतं. बाही मीच घालत होते रोज. झबलीही मीच शिवली होती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्दीसाठी दाखवायला गेलो तेव्हा नव्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाचे दोन्ही हात हातात घेऊन बघितले आणि सर्दीचं काही न बोलता एमआरआय लिहून दिला. मिरजेला झाला, झोपेचं औषध देऊन, साडेसहा हजार. मेंदूच्या डाव्या भागात एका ठिकाणी जन्माच्या आसपास कधीतरी रक्तपुरवठा थांबला होता. डाव्या मेंदूकडे उजवं अंग असतं, म्हणून उजवा हात आणि थोडा उजवा पाय. झालेली इजा वाढणार नाही आणि भरूनही येणार नाही, पण मेंदू लहान आहे, शिकवू तेवढं शिकेल, असं ते म्हणाले. मी विचारलं, ‘सातव्या महिन्यापर्यंत मी पायाने मशीन चालवत होते, त्याने झालं का?’ नाही म्हणाले. मी चार वेळा विचारलं. चारही वेळा नाहीच म्हणाले.

जानेवारी २०२० पासून गावातच फिजिओथेरपी लावली. मार्चमध्ये सगळं बंद पडलं. तो एकोणिसाव्या महिन्यात चालला, टाच किंचित उचलून, पण चालला. मग उरला हात. २०२१ आणि २०२२ अशी दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा पाऊण तास, दर वेळी अडीचशे रुपये. मी बाहेर बाकड्यावर, तो आत. मधले खाडे धरूनही साठेक हजार गेले असतील. आत हात ताणायचे, गरम शेक द्यायचे, मशीनचे झटके द्यायचे. हाताचं वाईट काही झालं नाही. पण त्या पाऊण तासात हातावर काम होत होतं, हात स्वतः काहीच करत नव्हता. घरी आला की बारका छातीशी दुमडून पडून राहायचा. हे मला तेव्हा असं शब्दांत मांडता आलं नसतं. नुसतं वाटायचं, पैसे जातायत.

त्याच काळात नात्यातल्या एकांनी स्टेम सेलची, म्हणजे मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराची, जाहिरात पाठवली. इंजेक्शनचं पॅकेज, लाखांत. नवऱ्याने गुंठाभर जागेचा विषय काढलासुद्धा. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलं की आयसीएमआरच्या, म्हणजे देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सेरेब्रल पाल्सीवर स्टेम सेल ही मान्य उपचारपद्धती नाही. ते संशोधन आहे आणि संशोधनासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. जागा वाचली. कुणी अशी जाहिरात पाठवली तर आधी एवढं एक वाक्य त्यांना वाचून दाखवा.

डिसेंबर २०२२ मध्ये पुण्याला एका ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे रोजची कामं करायला शिकवणाऱ्या थेरपिस्टकडे, गेलो. सगळे त्यांना ओटी मॅडम म्हणतात, मीही तेच म्हणते. पहिली तपासणी दीड तास, बाराशे रुपये. पहिला अर्धा तास त्यांनी त्याच्या हाताला हातच लावला नाही. समोर झाकणाचे डबे, मणी, चिकटपट्टी, कागद टाकले आणि बघत बसल्या. त्याने डबा काखेत धरला, झाकण दातांनी ओढलं. मला लाज वाटली, मी पुढे सरकले. मॅडम म्हणाल्या, ‘ताई, तुमचे हात जरा मांडीवर ठेवा.’ त्या दिवशी हे वाक्य मला निदान सहा वेळा ऐकावं लागलं.

मग विचारलं, काय यायला हवंय? मी घरून यादीच नेली होती: उजव्या हाताने जेवणं, उजव्या हाताने लिहिणं. त्यांनी यादी बाजूला ठेवून त्याला विचारलं. तो म्हणाला, ‘पुडी फोडायची.’ दुकानातली पाच रुपयांची खाऊची पुडी. ती दर वेळी मी फोडून द्यायचे आणि शेजारची पोरं आपापली फोडायची.

उजव्या हाताने जेवण्याचा विषय आमच्या घरी फार मोठा होता. पंगतीत तो डाव्या हाताने भात कालवायचा आणि सासूबाईंचा घास अडायचा. प्रसादाला डावा हात पुढे केला की भटजी थांबायचे. मॅडमनी मला मशिनीवरच समजावलं. ‘शिवताना तुम्ही एका हाताने चाक फिरवता, दुसऱ्या हाताने कापड धरता. कापड धरणारा हात चाक फिरवत नाही म्हणून तो कमी का? याचा उजवा हात कापड धरणारा हात होईल. त्याला चाकावर बसवायचा हट्ट धरलात तर दोन्ही कामं बिघडतील.’ शिवणारीला यापेक्षा वेगळं काय सांगायचं! जेवणाचा मुद्दा यादीतून गेला. प्रसादाचं मात्र मी सोडेना, तेव्हा त्याच म्हणाल्या, ‘मग ओंजळीत घेऊ दे. ओंजळीला दोन्ही हात लागतात.’

अशी तीन कामं ठरली: पुडी फोडणं, शर्टाचं बटण लावणं, ओंजळ करणं. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे, आज किती जमतं याचे. आम्ही एक, एक आणि दोन दिले. हाताच्या वापराच्या पाच पायऱ्या असतात, मॅक्स म्हणतात त्याला. पहिली सगळ्यात चांगली, आमचा दुसऱ्या पायरीवर. ही पायरी सहसा बदलत नाही, बदलतात ती ठरवलेली कामं, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तेव्हा राग आला होता. आज पायरी तीच आहे आणि मला तिची आठवणही येत नाही. अशी तपासणी झाली की आधीचा व्हिडिओ मात्र नक्की काढून ठेवा, तारखेसकट. रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही.

थेरपीच्या आधी बोटॉक्स, म्हणजे ताठ स्नायू सैल करणारं इंजेक्शन, द्यावं का हे त्यांनी मुलांच्या मेंदूविकाराच्या डॉक्टरांना विचारायला सांगितलं. आमच्या मुलाचा अंगठा आतच चिकटलेला, मनगट वाकलेलं आणि तळवा कायम खाली, म्हणून डॉक्टरांनी हो म्हटलं. प्रत्येकाला लागत नाही. ६ फेब्रुवारी २०२३ ला इंजेक्शनं झाली. औषध, गुंगी, खाट, सगळं मिळून चोवीस हजार. मॅडमनी बजावलं होतं की हे औषध स्नायू तीन-चार महिने सैल करतं, शिकवत काही नाही. सैल असताना काम करून घेतलं नाही तर चोवीस हजार पाण्यात. म्हणून तीन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीला, खरी थेरपी सुरू केली.

तिचं नाव सीआयएमटी. चांगला हात काही तास बांधून ठेवायचा म्हणजे दुसऱ्याला काम करावंच लागतं. मूळ कल्पना अमेरिकेतल्या एडवर्ड टॉब यांची. माकडांच्या एका हाताची संवेदना गेली की माकड तो हात वापरायचंच सोडतं, आणि चांगला हात बांधला की पुन्हा वापरू लागतं, हे त्यांनी पाहिलं. तेच पुढे अर्धांगवायूच्या पेशंटना आणि मग मुलांना लागू केलं. तीन आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज दोन तास सेंटरवर आणि घरी दीड तास. सेंटरचे पंधरा हजार. मी नणंदेकडे हडपसरला राहिले. मशिनी बंद, लग्नसराईचे ब्लाउज परत केले. ते नुकसान वेगळंच.

मॅडमनी डाव्या हातासाठी प्लॅस्टरचं साधन दाखवलं, काढता-घालता येणारं. मी म्हटलं, पिशवी मीच शिवते. जुन्या गोधडीचं कापड दोन पदरी, आत मऊ सुती अस्तर, कोपरापर्यंत, वरून वेल्क्रो. तोंडाला वाघाचे डोळे लावले. कुणी शिवणार असेल तर दोन गोष्टी: बोटांपाशी आतून शिवण ठेवू नका, घासते, आणि जिना, झोका, पळापळी असेल तेव्हा पिशवी काढाच, कारण पडताना टेकायला मुलाकडे तेवढा एकच भरवशाचा हात असतो.

पहिला दिवस वाईट गेला. दुसरा त्याहून वाईट. तिसऱ्या दिवशी रिक्षातच वाघ दातांनी ओढून काढला आणि मला म्हणाला, ‘तू घाल.’ घातला. माझा उजवा हात वाघात घालून त्या संध्याकाळी मी डाव्या हाताने पोळ्या लाटल्या. लाटल्या कसल्या, नकाशे झाले. तो पोट धरधरून हसला आणि नणंदेच्या पोराने एक नकाशा श्रीलंका म्हणून खाल्ला. चौथ्या दिवसापासून घरचा दीड तास आम्ही दोघंही पिशवी घालून बसायचो. हे मॅडमनी सांगितलेलं नव्हतं, पण नको असंही म्हणाल्या नाहीत.

दोन तासांत काय चालतं? मला वाटलं होतं व्यायाम. प्रत्यक्षात खेळ. कुरमुरे एका वाटीतून दुसऱ्या वाटीत. आधी मोठा पोहा-चिवडा, मग कुरमुरे, मग एकेक डाळं. स्पंज पिळून पाण्याने बादली भरायची. पत्ते उलटायचे, पत्ता उलटताना तळवा वर येतो आणि तेच त्याला सगळ्यात अवघड. काम इतपतच अवघड ठेवायचं की दहापैकी सात-आठ वेळा जमेल, मग हळूच एक खुंटी वर. जमलं की लगेच सांगायचं, नुसतं शाब्बास नाही, तर ‘अंगठा बाहेर आला’ असं.

७ मार्चला धुळवड, सेंटरला सुट्टी. नणंदेच्या सोसायटीत पोरं रंगात. मी त्याच्या बारक्याच्या तळव्याला गुलाबी रंग चोळला. बोटं एकेक उघडावी लागली, घड्यांमध्ये रंग भरत भरत. तळव्याला इतका घाम होता की रंगाचा लगदा झाला. पार्किंगच्या भिंतीवर त्याने स्वतः हात टेकवला, मी कोपराला नुसतं बोट लावलं होतं. भिंतीवर चार बोटं उमटली. अंगठा नाही. तो बघत राहिला आणि म्हणाला, ‘एक कुठंय?’ मी काही बोलले नाही. सुट्टीचा दिवस आम्ही आधीच्या शनिवारी भरून काढला होता.

दहाव्या दिवशी कुरमुरा अंगठा आणि तर्जनीत धरला. चिमटीत नव्हे, अंगठ्याच्या कडेने, पण अंगठा बाहेर होता. पुढचे पाच दिवस तसेच, कधी जमायचं, कधी नाही. शेवटी पुन्हा गुण दिले: पुडी पाच, ओंजळ पाच, बटण दोन. सेंटरचे तीस तास आणि घरचे वीस-बावीस. नुसतं एखादं ठरवलेलं काम शिकायचं तर पंधरा-पंचवीस तासही पुरतात, पण एकूण हात सुधारायला तीस-चाळीस तास लागतात, असं अभ्यासांत दिसलंय, असं मॅडम म्हणाल्या. गावातल्या पाऊण तासाच्या हिशोबाने दोन वर्षांत त्याहून कितीतरी जास्त तास झाले होते, पण त्यातला त्याच्या स्वतःच्या हालचालीचा वेळ किती, हे माझं मीच मोजलं नव्हतं.

१८ मार्चला परत निघालो. आदल्याच दिवसापासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं. कंडक्टरने स्वतःहून अर्धं फाडलं आणि त्याचं तर काहीच नाही, पाचाच्या आत होता. चार दिवसांनी पाडवा. सासूबाईंनी कडुलिंब, गूळ, डाळीचा प्रसाद समोर धरला तेव्हा त्याने दोन्ही हात जोडून पुढे केले. ओंजळीला उजवीकडून भोक होतं, निम्मा प्रसाद जमिनीवर सांडला. उरलेला त्याने तोंडात टाकला आणि कडू लागला म्हणून सासूबाईंच्या पदरावर थुंकला. त्यांनी तोच पदर डोळ्यांना लावला.

यानंतरचं कुणी सांगत नाही म्हणून लिहिते. एप्रिलच्या मध्यापर्यंत बारका पुन्हा छातीशी जाऊन झोपला. वाघ नाही, मग मोठा आहेच सगळं करायला. मी रडतच मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, आता बांधायचं नाही, आता दोन्ही हात लागतील अशीच कामं द्यायची, रोज अर्धा तास, आठवड्यात पाच दिवस. एक हात बांधून केलं काय आणि दोन हातांनी केलं काय, तास सारखे असतील तर फळ साधारण सारखंच मिळतं. मग मी पुण्याला राहून मुलाला रडवलं कशाला, असं क्षणभर वाटलं. पण आमच्या बारक्याला आपण आहोत हे कळायलाच तो वाघ लागला, असं माझं मत आहे.

दोन हातांच्या कामांची आपल्या घरांत काही कमी नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडणं हे तर मला वाटतं कुठल्याही खेळण्यापेक्षा भारी. एका हातात शेंग धरल्याशिवाय फुटत नाही आणि फुटली की लगेच खायला मिळतं. मटार, हरभऱ्याचे घाटे, लसूण. केळं सोलणं. माझ्या खोलीत टिचबटणं उघडणं, इलॅस्टिक ताणून धरणं, मापाच्या टेपचं एक टोक पकडणं. गिऱ्हाइकाची उंची मोजताना खालचं टोक पायापाशी बारक्याने दाबून धरायचं हे त्याचं काम झालं. गिऱ्हाइकं थांबायची. एकदोघी कंटाळून दुसऱ्या शिंप्याकडे गेल्याही.

आणि माझे हात. झाकण अडलं की माझा हात आपोआप पुढे जायचा. मॅडमनी वीसपर्यंत मोजायला सांगितलं होतं. सकाळी सात वाजता, पाणी तापतंय, रिक्षा दारात आणि मूल चड्डीच्या नाडीशी झुंजतंय, तेव्हा वीस हा फार मोठा आकडा असतो. मी बाराला हात घालायचे. मग सकाळचं सोडून दिलं आणि रविवारच्या दुपारी, घाई नसताना, मोजायला लागले.

जूनमध्ये दिव्यांग प्रमाणपत्राच्या मागे लागलो. खरं तर आधीच करायला हवं होतं, पण नवरा म्हणायचा, कशाला शिक्का. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज महा-ई-सेवा केंद्रातून भरला. आधार, फोटो, पत्त्याचा पुरावा. मग सिव्हिलला तपासणीच्या डॉक्टरांच्या बोर्डाच्या दिवशी जायचं. पहिल्या खेपेला हाडांचे डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला सकाळी आठचा नंबर दुपारी अडीचला लागला, तोवर तो माझ्या खांद्यावर झोपला होता. डॉक्टरांनी हात उचलून बघितला. ‘हात तर मोकळा आहे की.’ झोपेत हा ताठरपणा उतरतो, म्हणून मोकळाच होता. मी उठवायला लागले तर तो किंचाळला, पुढचा नंबर आत आला. बोर्डाला नेताना मुलाच्या झोपेची वेळ टाळा, आणि बटण लावतानाचा, डबा उघडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर तयार ठेवा. तिसऱ्या खेपेला, सप्टेंबरमध्ये, मी व्हिडिओच पुढे केला. १५ ऑगस्टपासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले होते, त्यामुळे या वेळी केस पेपरचेही पैसे पडले नाहीत. पंचेचाळीस टक्के लिहिले, पाच वर्षांसाठी. चाळीसच्या खाली गेलं असतं तर बहुतेक सवलतींना उपयोग नव्हता. कार्ड पोस्टाने आलं ते सात आठवड्यांनी.

त्या तिसऱ्या खेपेला एका नर्सबाईंनी सहज विचारलं, ‘डीईआयसीला नाव आहे ना याचं?’ मला अक्षरं कळेनात. त्याच आवारात, मागच्या इमारतीत, मुलांसाठी मोफत थेरपीचं केंद्र होतं. २०१३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली ही केंद्रं, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना चालतात. जवळजवळ चार वर्षं आम्ही पैसे भरत फिरत होतो. अंगणवाडीत, दवाखान्यात, मेडिकलमध्ये कुणीच बोललं नव्हतं. आता महिन्यातून दोनदा तिथे जातो आणि पुण्याला चार-सहा महिन्यांनी.

कागदांचं अजून थोडं. राष्ट्रीय न्यास या सरकारी संस्थेची निरामय ही आरोग्य विम्याची योजना आहे, सेरेब्रल पाल्सीला लागू, वर्षाला एक लाखापर्यंत आणि त्यात थेरपीही बसते. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत अर्ज करायचा. बिलं मात्र मूळ, शिक्क्यासकट लागतात. आमच्या आधीच्या बिलांतली निम्मी साध्या चिठोऱ्यावर होती, ती गेली. नवऱ्याच्या पगारात कर कापत असतील तर दिव्यांग मुलासाठी (आमच्या वेळी कलम ८०डीडी खाली) पंचाहत्तर हजारांची वजावट मिळते, खर्च कितीही झालेला असो. सेरेब्रल पाल्सीला त्यासाठी आमच्या वेळी १०-आयए हा फॉर्म सिव्हिल सर्जन किंवा मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडून भरून घ्यावा लागायचा. नवीन करप्रणाली निवडली असेल तर ही वजावट मिळत नाही. आमच्या ह्यांनी निवडली होती. एक वर्ष वाया गेलं.

२०२४ च्या मे महिन्यात सुट्टीत घरीच वाघ पुन्हा काढला, तीन आठवडे. त्या वेळी तोच मला वेळ सांगायचा. डिसेंबरमध्ये उंची वाढली आणि मनगट पुन्हा घट्ट झालं. रात्री मनगट सरळ धरून ठेवणारा स्प्लिंट लहान पडला, नवा अठ्ठावीसशेचा. दर वाढीला हे होणार असं कळलंय. हाड वाढतं, स्नायू मागे राहतो. पुढे कधी ऑपरेशनचा विषय निघेल, तेव्हा बघू.

२०२५ च्या जूनमध्ये तो पहिलीत गेला. पुडी आता आठ. शेजारच्या पोरांच्याही फोडून देतो, त्यातलं थोडं खातो. ओंजळ सात, तीर्थ अजून गळतं. बटणांसाठी मी गणवेशाच्या शर्टाला एक लबाडी केली होती. वरून बटणं तशीच दिसतात, पण काजं शिवून बंद केली आणि आतून वेल्क्रो लावलं. पाच बटणांचा शर्ट. मग खालून एकेक वेल्क्रो उसवायचं आणि काज मोकळं करायचं असं ठरलं, कारण खालचं बटण डोळ्यांना दिसतं आणि हात आरामात पोचतात. काज नेहमीपेक्षा एक सूत मोठं ठेवलं, बटण जाड घेतलं.

पहिलं बटण जुलैत जमलं. बारका काजाची कड धरतो, मोठा बटण ढकलतो. दुसरं गणपतीत. तिसऱ्याला दिवाळी गेली. परवा सकाळी तो चौथ्याशी होता, रिक्षावाला हॉर्न देत होता, मी स्वयंपाकघराच्या दारात वीस मोजत होते. एकोणिसाला बटण गेलं. चुकीच्या काजात गेलं, शर्ट एका बाजूने वर. तसाच शाळेत गेला. वरच्या बटणाचं वेल्क्रो अजून आहे, गळ्यापाशी त्याला दिसत नाही.